कारध्याची पट्टी आणि परदेशी जाणारी पथके

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालं की वैनगंगेचा पूल ओलांडताच कारधा लागतं. पावसाळ्यात या गावाचं नाव रोज बातम्यांत येतं, ते एका आकड्यामुळे. पुलापाशी पट्टीवर नदीची पातळी मोजतात: २४५ मीटरला इशारा, २४५.५० मीटरला धोका. हे मीटर नदीच्या तळापासून मोजलेले नसतात, समुद्रसपाटीपासून मोजलेले असतात. म्हणून कारध्याचा आकडा इतर कुठल्याही ठिकाणच्या आकड्याशेजारी ठेवून वाचता येतो. इशारा आणि धोका यांच्यात अर्ध्या मीटरचं अंतर आहे. तेवढ्या अंतरात लहान पुलावरची वाहतूक थांबवायची, नदीकाठच्या वस्त्यांना हलवायचं, तहसील आणि जिल्हा पातळीवरचे फोन फिरवायचे. आपत्तीच्या कामावर लिहायचं तर लोक हेलिकॉप्टर आणि श्वानपथकापासून सुरुवात करतात. मी या पट्टीपासून करतो आहे, कारण दुसऱ्या देशात मदतीला जाणारा सरकारी तज्ज्ञ नेमकं काय करतो हे समजून घ्यायला इतकी सोपी जागा दुसरी नाही.

त्या तज्ज्ञाचं आपल्या मनातलं चित्र फेब्रुवारी २०२३ मध्ये पक्कं झालं. ६ फेब्रुवारीला तुर्कस्तान आणि सीरिया भूकंपाने हादरले. भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ सुरू केलं आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) तीन पथकं गाझियानतेप प्रांतातल्या नुरदागी भागात उतरली. ढिगाऱ्याखालून त्यांनी दोन लहान मुलींना जिवंत बाहेर काढलं, लष्कराने इस्केंदेरुनमध्ये रुग्णालय उभारलं. त्या जवानांबद्दल वाटणारा अभिमान पूर्णपणे रास्त आहे. पण त्या चित्रात काँक्रीट कापणारा हात दिसतो आणि तो हात त्याच इमारतीपाशी कसा पोहोचला, हे दिसत नाही. शेकडो कोसळलेल्या इमारतींपैकी हीच का, कोणी सांगितलं, आधी कोण शोधून गेलं होतं, यंत्रं कोणत्या रस्त्याने आली, भाषा कोणी सांगितली? माझं म्हणणं असं की या तज्ज्ञाचं मुख्य कसब परक्या हद्दीत, परक्या अधिकाराखाली, पाहुण्याच्या शिस्तीने काम करणं हे आहे. ताकद आणि धाडस त्यानंतर येतात. आणि हे कसब शिकायला पासपोर्ट लागत नाही, कारण हद्दीचा तोच पेच वैनगंगेच्या काठावर दर पावसाळ्यात उभा राहतो.

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिच्यावरचं संजय सरोवर हे मोठं धरणही तिथेच आहे. त्याचे दरवाजे कधी आणि किती उघडायचे हे तिथले अभियंते ठरवतात, आणि ते पाणी बालाघाट, गोंदिया करत कारध्याला येतं. खाली पवनीजवळ गोसीखुर्द प्रकल्प आहे. त्याला ३३ दरवाजे आहेत आणि त्याची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर आहे. हाच आकडा कारध्याची धोक्याची पातळीही आहे. दोन्ही आकडे एकाच समुद्रसपाटीवरून मोजलेले असल्यामुळे त्यांचा अर्थ थेट लागतो: जलाशय काठोकाठ भरलेला असताना वरून पूर आला तर कारध्याच्या पाण्याला पुढे सरकायला उतार फार थोडा उरतो. म्हणजे या गावाची पातळी वरून चढवता येते आणि खालून अडवून धरता येते, आणि दोन्ही ठिकाणी निर्णय घेणारा माणूस कारध्यात नसतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस हेच झालं. संजय सरोवरातून मोठा विसर्ग सुरू झाला, गोसीखुर्दचे सगळे दरवाजे उघडावे लागले, भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं, आणि एनडीआरएफ आणि राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. त्या तुकड्या पोहोचण्याआधी पाण्यात असतात ते गावचे लोक आणि ढिवर मच्छीमारांचे डोंगे. प्रवाह कुठे ओढतो, कोणत्या बांधावरून नाव नेता येते, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे त्यांना माहीत असतं. बाहेरून आलेल्या पथकाला ते विचारूनच घ्यावं लागतं. फुगवता येणाऱ्या रबरी नावेचं इंजिन कितीही चांगलं असलं तरी पाण्याखाली गेलेलं तारेचं कुंपण त्याला दिसत नाही.

आता हेच परदेशात ठेवून पाहावं. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ४६/१८२ क्रमांकाचा ठराव केला. मदत संकटग्रस्त देशाच्या संमतीने आणि शक्यतो त्याच्या विनंतीवरून द्यायची, कामाची दिशा त्या देशाच्या सरकारने ठरवायची, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी शोध आणि बचाव पथकांचा ‘इन्साराग’ नावाचा आंतरराष्ट्रीय सल्लागार गट उभा राहिला. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात देशोदेशीची पथकं एकमेकांच्या पायात आली होती, तो अनुभव त्यामागे होता. आता विमानतळावर उतरणाऱ्या पथकाने आधी स्वागत केंद्रात नोंद करायची, आपल्याकडे किती माणसं, किती यंत्रं, किती दिवसांचं अन्न-पाणी-इंधन आहे हे सांगायचं, मग समन्वय केंद्र जो विभाग देईल तिथेच जायचं. ज्या देशात पाणी आणि भाकरीची मारामार आहे तिथे पाहुण्याने जेवण मागायचं नाही, हा नियम इतका कडक आहे की पथकाचा दर्जा ठरवताना तो तपासला जातो. अवजड दर्जाच्या पथकाला दोन ठिकाणी दिवसरात्र दहा दिवस स्वतःच्या बळावर काम करता आलं पाहिजे.

या सगळ्या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट रंगाच्या डब्याने भिंतीवर केलेली खूण आहे. शोध घेतलेल्या इमारतीच्या दर्शनी भागावर मीटरभर बाजूचा चौकोन काढतात. आत पथकाची ओळख, तारीख आणि शोध कितपत खोल झाला त्याची पायरी. या पायऱ्या पाच आहेत, नुसत्या धावत्या पाहणीपासून प्रत्येक दगड हलवण्यापर्यंत. जिथे माणूस अडकलेला आहे असं कळलं तिथे इंग्रजी ‘व्ही’ अक्षर, त्याखाली ‘एल’ आणि आकडा म्हणजे इतके जिवंत, ‘डी’ आणि आकडा म्हणजे इतके मृत. माणूस बाहेर काढला की जुना आकडा खोडून नवा लिहायचा. शिट्टीचीही अशीच लिपी आहे: तीन सेकंदांची एक लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी थांबा, आवाज बंद, तीन छोट्या म्हणजे ताबडतोब बाहेर पडा, एक लांब, एक छोटी म्हणजे काम पुन्हा सुरू. कोरियाचा माणूस हे मेक्सिकोच्या माणसासाठी लिहून जातो आणि दोघांची कधी भेट होत नाही. चौकोन नसेल तर पुढचं पथक त्याच रिकाम्या इमारतीत सहा तास घालवतं, आणि तेवढ्या वेळात शेजारच्या इमारतीतला श्वास थांबतो. कारध्याची पट्टी हेच काम करते. तिथे वाचलेला आकडा पुढच्या, अनोळखी माणसाला निर्णय घेता यावा म्हणून असतो. या दोन्हींमध्ये वाचणाऱ्याचं मत येत नाही, फक्त सगळ्यांना मान्य असलेलं माप येतं.

आपल्याकडच्या या कामाचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातली एक गोष्ट इथल्या वाचकांना फारशी ठाऊक नसते. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर, नागपुरात, २९ एप्रिल १९५७ रोजी केंद्र सरकारने आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी संस्था काढली. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिचा भर नागरी संरक्षणाकडे वळला आणि १९६८ मध्ये ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. म्हणजे आपत्तीत मदत हा शिकण्याचा आणि शिकवण्याचा विषय आहे, ही जाणीव विदर्भाच्या मातीत २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या जवळजवळ अर्धशतक आधीपासून आहे. त्या कायद्यानंतर २००६ मध्ये एनडीआरएफ उभी राहिली, आणि तिची अकादमीही नागपूरलाच आली. परदेशातली तिची पहिली मोहीम २०११ ची जपानमधली. ४६ जणांचं पथक त्सुनामीने उद्ध्वस्त केलेल्या ओनागावा गावी गेलं. नंतर २०१५ ला नेपाळ, २०२३ ला तुर्कस्तान, २०२५ ला म्यानमार.

परदेशी पथकं पाठवण्यावर पहिला आक्षेप हिशेबी आहे. इतकी पथकं विमानाने नेऊन माणसं किती वाचतात? नेपाळच्या भूकंपात सुमारे नऊ हजार लोक दगावले, आणि सगळ्या परदेशी पथकांनी मिळून ढिगाऱ्यातून जिवंत काढले ते १६. बाकी ज्यांना बाहेर काढलं ते शेजाऱ्यांनी, नेपाळी सैनिकांनी, हाताने. आक्षेप खरा आहे, आणि तो लपवून या कामाची बाजू मांडता येणार नाही. पण त्याच १६ पैकी ११ जण भारतीय पथकांनी काढले होते. भारतीय पथकं पहिल्याच दिवशी पोहोचली होती. दूरच्या देशांची पथकं दोन-तीन दिवसांनी. तेव्हा या आकड्यांतून निघणारा निष्कर्ष ‘जाऊ नये’ असा नाही. तो असा आहे की जवळच्याने आधी जावं, आणि दूरच्याने ढिगाऱ्याचा हट्ट सोडून दवाखाना, पाणी, पूल, इमारतींची तपासणी यांसाठी माणसं पाठवावीत. या दुसऱ्या कामाला लागणारा तज्ज्ञ गणवेशातला जवान असेलच असं नाही. तो अभियंता असतो, साथरोगाचा डॉक्टर असतो, गोदामाचा हिशेब ठेवणारा असतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या वेळी लातूरचे जिल्हाधिकारी असलेले प्रवीणसिंह परदेशी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आपत्तीविषयक कामात गेले. त्यांनी बरोबर नेलेला अनुभव गावं पुन्हा वसवण्याचा होता. आपल्याकडे असे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांना परदेशी मोहिमेच्या यादीत जागा नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे, कारण तो भंडाऱ्याच्या माणसाचा आहे. आमच्याकडे दर काही वर्षांनी घरं पाण्यात जातात, आणि सरकार मात्र परदेशात माणसं पाठवतं? यावर एक वस्तुस्थिती पाहावी. जपान मार्चमध्ये, नेपाळ एप्रिलमध्ये, तुर्कस्तान फेब्रुवारीत, म्यानमार मार्चमध्ये. या चार मोठ्या मोहिमांपैकी एकही आपल्या पावसाळ्यात आलेली नाही, त्यामुळे कारध्याच्या वाट्याची नाव कोणी मंडालेला नेली असं झालेलं नाही. अर्थात हे सुदैव आहे. भूकंप पंचांग पाहून येत नाही, आणि उद्या जुलैमध्ये शेजारी देश हादरला तर कोणती तुकडी जाईल आणि कोणती हलणार नाही, हे आधीच लिहून ठेवलेलं असायला हवं.

खऱ्या अडचणी मात्र आक्षेप घेणाऱ्यांच्या नजरेत येत नाहीत. पहिली माणसांच्या टिकण्याची. एनडीआरएफमधला जवान सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी अशा दलांतून प्रतिनियुक्तीवर येतो आणि काही वर्षांनी परत जातो. नुरदागीत ज्याने स्थानिक अधिकाऱ्याशी बोलून विभाग मिळवला, दुभाष्या शोधला, नोंदी भरल्या, तो चार वर्षांनी सीमेवरच्या चौकीत असू शकतो. काँक्रीट कापायला नवा माणूस काही महिन्यांत तयार होतो. परक्या अधिकाऱ्यासमोर कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, याला वर्षं लागतात. तुर्कस्तानला निघताना अनेकांचे पासपोर्ट एका रात्रीत तयार करावे लागले. ती रात्र राबणाऱ्या कर्मचाऱ्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण परदेशी जाणारा कायमचा संच असता तर ते पासपोर्ट कपाटात तयार असते.

दुसरी अडचण धोरणाची आहे. २००४ च्या त्सुनामीपासून भारताने परदेशी सरकारांची मदत सहसा घेतलेली नाही. २०१८ च्या केरळच्या पुरातही संयुक्त अरब अमिरातीची तयारी स्वीकारली नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत २०२१ ला प्राणवायूची यंत्रं घ्यावी लागली, तो अपवाद. यामागचा स्वाभिमान समजण्यासारखा आहे, पण त्यामुळे आपले तज्ज्ञ कायम देणाऱ्याच्या बाजूला राहतात. परदेशी पथकांमुळे यजमानाला होणारा त्रास त्यांना कधी अनुभवायला मिळत नाही. नेपाळने मे २०१५ च्या सुरुवातीलाच परदेशी शोधपथकांना परत जायला सांगितलं, तेव्हा इकडे अनेकांना ते कृतघ्नपणाचं वाटलं. काठमांडूची एकच धावपट्टी, तिच्यावर विमानांची दाटी, आणि जिवंत माणूस सापडण्याची आशा संपलेली. यजमानाच्या बाजूने पाहिलं असतं तर तो निर्णय सरळ होता. कधी निघायचं हे न सांगता कळणं, आणि निघताना नोंदी, नकाशे, उरलेलं साहित्य नीट सोपवणं, हा या पेशाचा सर्वांत अवघड भाग आहे आणि तो कवायतीत शिकवला जात नाही.

तो शिकवता येईल अशी जागा नागपूरच्या अकादमीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, शिवनी, बालाघाट, गोंदिया, भंडारा या चार जिल्ह्यांचे अधिकारी, संजय सरोवर आणि गोसीखुर्दचे अभियंते, कारध्याची पातळी वाचणारा कर्मचारी आणि डोंगेवाले एकत्र बसावेत. एनडीआरएफच्या एका तुकडीने परदेशी पथक असल्यासारखं यावं, नोंद करावी, विभाग मागून घ्यावा, तीन दिवस काम करावं आणि सगळं सोपवून जावं. पाण्याचा आकडा पट्टीवरून मिळेल, तो मध्य प्रदेशातल्या नियंत्रण कक्षात किती मिनिटांत पोहोचतो हे मोजता येईल. अडचण पैशांची नाही. दोन राज्यांचे जलसंपदा विभाग, महसूल, पोलीस आणि केंद्रीय दल या प्रत्येकाची आदेशाची वाट वेगळी आहे. असा सराव बोलवण्याचा अधिकार नक्की कोणाचा, हे आधी दिल्लीत, भोपाळमध्ये आणि मुंबईत बसून ठरवावं लागेल.