शाळेच्या अंगणात कुंडीतील टोमॅटो

आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्दच्या परिसरात टोमॅटो ही काही नवलाईची वस्तू नव्हे. मंचरपासून जुन्नर तालुक्यातील नारायणगावपर्यंतचा हा पट्टा टोमॅटोसाठी प्रसिद्ध असून हंगामात नारायणगावच्या बाजारात क्रेटच्या राशी लागतात. अशा गावी टोमॅटो कुंडीत कशाला लावावयाचा, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर शाळा व अंगणवाडीच्या अंगणात आहे. तेथे जागा पुष्कळदा मुरमाची किंवा फरशीची असते. परसबागेसाठी वाफा काढता येत नाही. जुलै २०२३ मध्ये अनेक शहरांत टोमॅटोचा भाव किलोला १०० रुपयांच्या वर गेला होता. अशा महागाईत मुलांच्या ताटातून टोमॅटोच आधी वगळला जातो.

कुंडीतील झाड उंच वाढते, फुलते आणि फळ न धरताच फुले गाळते, ही नेहमीची तक्रार. दोष बियाण्याला दिला जातो. पण खरे कारण बहुधा उष्णतेचे असते. दिवसाचे तापमान ३५ अंशांवर गेले किंवा रात्रीही हवा २१-२२ अंशांखाली उतरली नाही, की परागकण निकामी होऊ लागतात. फेब्रुवारीत लावलेली रोपे नेमकी एप्रिलच्या उन्हात फुलतात आणि लगेच शाळेला सुटी लागते. म्हणून सप्टेंबरमध्ये बी पेरून ऑक्टोबरमध्ये रोपे कुंडीत लावणे सर्वांत श्रेयस्कर. डिसेंबरअखेरपासून फळे मिळू लागतात. कडाक्याच्या थंडीत फळधारणा काहीशी मंदावते, एवढेच. जूनमध्ये बी पेरूनही पीक घेता येते. मात्र पावसाळी हवेत करपा रोगाचे भय अधिक.

शेतात मुळे खोल, थंड मातीत जातात. कुंडीत ती तापलेल्या कडेला चिकटतात. तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा चालतो, परंतु त्याला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवावे आणि तळाला भोके पाडावीत. मातीची मोठी कुंडी मिळाल्यास उत्तमच. दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. नुसती काळी माती घेऊ नये. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. टोमॅटोच्या शेतातील माती तर मुळीच आणू नये. तिच्यातून मर रोग आणि सूत्रकृमी कुंडीत येतात. या गावात हा मोह टाळणे कठीण, हे खरे!

शेजारच्या शेतांतून पांढरी माशीही येते. ती पाने आकसविणारा विषाणूरोग पसरविते. असे झाड बरे होत नाही. ते उपटून नष्ट करावे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण या रोगास बऱ्याच अंशी तोंड देतो. झाडास काठीचा आधार द्यावा. भिंतींच्या आडोशाला वारा कमी असल्याने सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलोऱ्याला हलकीच टिचकी मारावी. हे काम मुले आनंदाने करतात.

पाणी थोडे पण नियमित हवे. दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर, अशा हेळसांडीने झाडाला चुना म्हणजे कॅल्शियम नीट मिळत नाही आणि फळाचे टोक काळे पडते. दिवाळीच्या सुटीत नेमकी रोपे कोवळी असतात. त्या काळात पाणी कोणी घालावयाचे, हे ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समितीने ऑक्टोबरच्या बैठकीतच ठरवून घ्यावे.