मिठाची खेप आणि ट्रॉलीची चासी

पावसाच्या तोंडावर माडांच्या आळ्यांत मीठ घालण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. माडाला क्लोरीन लागते आणि ते मिठातून मिळते, म्हणून ही रीत अडाणीपणाची मुळीच नव्हे. (मीठ घातले म्हणून शेणखत आणि पोटॅश चुकत नाही, हेही ध्यानात असावे.) पेडण्यातील आगरवाडा किंवा बार्देशातील हडफडे येथल्या मिठागरांतले जाडे मीठ मे महिन्यात कोणी पिकअपने आणतो, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने. मीठ आगरात उतरते, पोती रिकामी होतात आणि ट्रॉली मांगराला टेकून उभी राहते. मिठाचा थोडासा भाग मात्र ट्रॉलीतच राहतो. फळ्यांच्या फटींतून तो खाली गळतो आणि चासीच्या चॅनेलमध्ये जाऊन बसतो.

हे थोडेसे मीठ काय करते ते समजण्यासाठी आधी गंज म्हणजे काय ते पाहावे लागेल. शिरगावच्या माणसाला ते सांगणे सोपे आहे. आपल्या डोंगरातला खनिज दगड म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग. भट्टीत मोठी उष्णता देऊन त्यातला प्राणवायू काढला की लोखंड मिळते. त्या लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र भेटली की ते पुन्हा प्राणवायू घेऊ लागते आणि तांबड्या मातीकडे परत निघते. हाच गंज. तो मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, म्हणून एकावर एक बसवलेले पत्रे फुगतात आणि पाट्यांमध्ये पापुद्रे धरतात.

गोड्या पाण्यात ही क्रिया सावकाश चालते. मीठ विरघळले की पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहू लागतो आणि गंजाचा वेग वाढतो. लोखंडावर जो पातळ संरक्षक थर धरू पाहतो, तोही मिठातले क्लोराइड टिकू देत नाही. पण खरी खोड निराळीच आहे. मीठ हवेतील दमटपणा ओढून घेते. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाझरू लागते. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, ते तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाही ओले होते. आमच्या घरातली मिठाची बरणी पावसात पाणी सोडते ती ह्याचमुळे. तेव्हा मिठाची ट्रॉली छपराखाली उभी असली, तिच्यावर पावसाचा थेंबही पडला नाही, तरी जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिची चासी आतून ओलीच असते. मीठ वाहून आणण्याचा एक दिवस तितका घातक नसतो. ते न धुता काढलेले चार महिने घातक असतात.

थंड देशांत हीच गोष्ट हिवाळ्यात घडते. रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून तिथे रस्त्यांवर मीठ टाकतात, कारण खारे पाणी गोठायला अधिक थंडी लागते. ते खारे पाणी चाकांनी उडून गाड्यांच्या पोटाला लागते. मोटारीमागे जोडावयाची चाकांवरची घरे तिथे पुष्कळांकडे असतात. ती हिवाळाभर उभी राहतात आणि उन्हाळ्यात बाहेर काढावी तर चासीला भोके पडलेली असतात. त्या लोकांचा पहिला उपाय रंगाचा डबा नव्हे. मोसम संपताच गाडीचे पोट खालून गोड्या पाण्याने धुणे, हाच तो उपाय. आपणही तेच करावयाचे आहे, फक्त आपला मोसम उलटा आहे.

मीठ भरण्यापूर्वी ट्रॉलीत अखंड ताडपत्री अंथरावी आणि ती बाजूंना वर घ्यावी. सुटे मीठ भरूच नये. माडाला घालण्यासाठी सुकी मासळी आणणाऱ्यांनीही हेच करावे, कारण तिच्यातून निथळणारे पाणी तितकेच खारे असते. खेप उतरली की त्याच दिवशी प्रथम कोरड्या झाडूने झाडावे. आधीच पाणी ओतले तर मीठ विरघळून फटींत उतरते. मग भरपूर पाण्याने, खालून वर, चॅनेलच्या आतून, पाट्यांमधून, फाळक्याच्या बिजागऱ्यांतून धुवावे. चॅनेलला खाली भोके असतात. ती चिखलाने बुजलेली असतील तर काडीने मोकळी करावीत. पाणी विहिरीचे किंवा नळाचे असावे. ट्रॉली नदीत उतरवून धुण्याची सवय काहींना आहे. पण उन्हाळ्यात भरतीचे खारे पाणी नदीत बरेच वर चढते, आणि अशा पाण्याने धुणे म्हणजे मीठ काढून मीठ लावणे. जोराच्या फवाऱ्याचे पंप हल्ली आले आहेत. त्यांची धार चाकाच्या बेअरिंगवर धरू नये, आत पाणी शिरते. धुऊन झाल्यावर ट्रॉली उतारावर तोंड करून दोन दिवस कडक उन्हात ठेवावी आणि ग्रीस निपलांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. मीठ राहिले की नाही ते पहाटे पाहावे. बाकीची चासी कोरडी असून एखादा डाग ओलसर दिसला, तर तिथे मीठ आहे.

आमच्याकडे एक अडचण अशी की धूळही तांबडी आणि गंजही तांबडा. नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही. म्हणून लहान हातोडी घेऊन चासी ठोकत जावे. धड लोखंड खणकते, कुजलेले बद्द वाजते. ट्रॅक्टरला जोडायची दांडी, हूक, वेल्डिंगचे सांधे आणि पाटे धरणारे बोल्ट विशेष पाहावेत. भरली ट्रॉली चढावर असताना दांडी तुटली, तर मागून येणाऱ्याला पळायलाही वेळ मिळत नाही. कुजलेल्या दांडीवर पट्टी मारून वेल्डिंग करणे हा दोष झाकण्याचा प्रकार आहे. वरची पट्टी धरते, खालचे लोखंड सुटते. दांडी बदलावी. इतर ठिकाणी धड लोखंड लागेपर्यंत कापून मगच नवा तुकडा जोडावा.

रंगाविषयी बराच गैरसमज आहे. चासीवर डांबरासारखा काळा थर दिला म्हणजे पुढे पाहायला नको, असे मानतात. गंजावर किंवा मिठावर दिलेला थर फोड येऊन सुटतो आणि त्याच्याआड पाणी साठते. उघडी चासी निदान वाळते तरी, ही वाळतही नाही. म्हणून तारेच्या ब्रशने घासावे, पुन्हा धुवावे, पूर्ण वाळवावे आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा पहिला हात द्यावा. दुसऱ्या हातानंतर इनॅमल लावावे. रंग जिथे पोहोचत नाही तिथे, म्हणजे चॅनेलच्या आत, मेणयुक्त गंजरोधक फवारावे किंवा स्वच्छ ग्रीस लावावे. फुकट मिळते म्हणून जळके ऑईल फासणारे पुष्कळ आहेत. ते पहिल्या पावसात धुऊन विहिरीच्या वाटेला लागते, रबराचे भाग फुगवते आणि वारंवार अंगाला लागल्यास कातडीच्या कर्करोगाची भीती असते.

उभ्या वाहनाला गंज अधिक, हेही आपण पाहिले आहे. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले. त्यांत मीठ नव्हते, पण साचलेली माती ओल धरून होती. पावसाळ्यात ट्रॉली वापरायची नसेल तर चाके फळ्यांवर घ्यावीत आणि चारी बाजूंनी वारा खेळू द्यावा. प्लास्टिकने गच्च झाकू नये.

आता काम करताना घ्यावयाची काळजी. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली शिरू नये, मजबूत लाकडी ठोकळे घालावेत. हौदा उचलला असेल तर त्यालाही टेकू हवा. जुना रंग खरवडताना नाकाला फडके बांधावे व मुलांना दूर ठेवावे, कारण पूर्वी लोखंडाला शेंदराचा हात देत आणि शेंदरात शिसे असते. खरवडताना हात कापला तर साबणाने व वाहत्या पाण्याने जखम धुवावी. धनुर्वात गंजाने होत नाही, माती-शेणातल्या जंतूंनी होतो, आणि ट्रॉलीला ते दोन्ही लागलेले असते. शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.