मेळघाटात न्यायचा व्हिडिओ

मेळघाटातल्या कितीतरी गावांत रेंज टिकत नाही. तिथे यूट्यूबवरचा शेतीचा किंवा आरोग्याचा व्हिडिओ दाखवायचा तर तो अमरावतीतच उतरवून पेनड्राइव्हवर न्यावा. ज्याचा व्हिडिओ, त्याची परवानगी आधी घ्यावी.

या कामाला वायटी-डीएलपी हा मुक्त स्रोत प्रोग्राम उत्तम. तो गिटहबवरच्या मूळ पानावरूनच घ्या. सोबत एफएफएमपेग हा प्रोग्रामही हवाच, कारण यूट्यूब चांगल्या दर्जाचे चित्र आणि आवाज वेगवेगळे पाठवते. ते जोडण्याचे काम एफएफएमपेगचे. चित्र धूसर आले किंवा आवाजाची फाईल वेगळी पडली, तर पहिला संशय एफएफएमपेगवरच घ्या.

उतरवताना ‘४०३’ ही त्रुटी दिसली तर बहुधा वायटी-डीएलपीची आवृत्ती जुनी असते. यूट्यूब आपली रचना सारखी बदलते, म्हणून आधी अपडेट करा. २०२५च्या नोव्हेंबरपासून यूट्यूबसाठी डेनोसारखा जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रामही लागतो.