‘एवढा एक डाव संपू दे!’

‘पानं घेतली आहेत’ म्हणून हाक मारावी आणि आतून ‘एवढा एक डाव संपू दे!’ असं उत्तर यावं, हे घरोघरचं आहे. पूर्वी हे उत्तर चौदा वर्षांचा मुलगा द्यायचा, हल्ली पुष्कळ घरांतून ते बेचाळीस वर्षांचे त्याचे वडील देतात! जपानच्या निन्टेन्डो कंपनीने टीव्हीला जोडायचं आपलं प्रसिद्ध यंत्र १९८३ साली बाजारात आणलं. आपल्याकडे त्याच्या स्वस्त नकला नव्वदीच्या दशकात शहरोशहरी पोचल्या. तो डबा, ती कॅसेट, ती चालेना की तिला मारायची फुंकर, आणि ‘मारिओ’ची पाळी कुणाची यावरून भावंडांत होणाऱ्या मारामाऱ्या आठवतात ना? ती भावंडं आता संसाराला लागली. खेळ मात्र सुटला नाही.

बदलला तो वेळ. कॉलेजात असताना रात्र रात्र जागून खेळणारा मुलगा नोकरी लागली की रविवारवर येतो, आणि घरात पाळणा हलला की रविवारही जातो. मग निवडच बदलते. काही खेळ मध्येच थांबवता येतात, काही येत नाहीत. संसारी माणसाच्या दृष्टीने खरा फरक हाच. ‘पबजी’सारख्या खेळात शंभर जण एकाच वेळी मैदानात उतरतात, डाव अर्धा तास चालू शकतो आणि मध्ये उठलं तर जोडीदार अडचणीत येतात. म्हणून हाकेला ओ मिळत नाही. तेव्हा हाक मारण्याऐवजी आधीच विचारावं, ‘नवा डाव सुरू करू नका, दहा मिनिटांत वाढते आहे.’ निम्मी भांडणं इथेच मिटतात, करून पाहा.

आता आपल्याकडे वळू या, कारण खेळतो आपणही! २०१२ साली आलेलं ‘कँडी क्रश’ घ्या. पाच ‘जीव’ मिळतात. एक गेला की परत मिळायला अर्धा तास. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक पातळी, मुलाची शाळेची बस येईपर्यंत दुसरी. बाईच्या फावल्या वेळाचे तुकडे मोजूनच जणू कुणी हा खेळ बेतला! अर्थात कंपनीचा हेतू इतका प्रेमळ नाही. अर्धा तास थांबवत नाही म्हणून पैसे मोजणारेही असतात, आणि त्यावरच दुकान चालतं.

पण हे तुकडे आपल्याच वाट्याला का, हा प्रश्न मला खेळापेक्षा महत्त्वाचा वाटतो. आमच्या ओळखीतल्या एका घरी आठ महिन्यांचं बाळ. यजमान साडेआठला घरी येत आणि दहा ते बारा खेळत, ‘डोकं हलकं करायला’. हिला दिवसभरात निवांत अंघोळ मिळत नव्हती! तिने खेळ बंद करा म्हटलं नाही. नऊ ते दहा बाळ तुमच्याकडे, मग खुशाल खेळा, एवढंच ठरवलं. पहिला आठवडा कुरबुरीचा गेला. बाळाने दोनदा नवा सदरा भिजवला, दुपटं कुठे ठेवलंय हे रोज ओरडून विचारून झालं. पण तो एक तास तिला मिळाला, आणि तिने तो सोडला नाही. त्या तासात ती काय करते हे विचारायचा अधिकार कुणाला नाही, असं माझं मत.

काळजी कधी करावी? जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली. ती यादी २०२२ पासून अमलात आहे. पण ताबा सुटणं, खेळापुढे बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे सगळं साधारण वर्षभर चालणं, असं असलं तर. सुटीत चार दिवस जागला म्हणून मुलाला ‘व्यसनी’ ठरवू नका. खरोखरच शंका आली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नये. बंगळूरच्या ‘निम्हान्स’मध्ये २०१४ पासून यासाठी खास विभाग आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही मात्र वेगळी गोष्ट. २०२५ साली केंद्राने कायदा करून त्यांवर बंदी आणली. तरी पासबुकावर नजर असू द्यावी, आणि मुलांच्या हाती जाणाऱ्या फोनमध्ये कार्डाचा नंबर साठवून ठेवू नये.

आणि सासूबाई? नवी मुंबईत तयार झालेला ‘लुडो किंग’ २०१६ साली आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत शिरला. परदेशातल्या नातवाची सोंगटी मारताना आजीला जो आनंद होतो, तो फोनवरच्या ‘कशी आहेस’मध्ये कुठून यायचा? जपानच्या हामाको मोरी या आजींनी तर पन्नाशीच्या आसपास व्हिडिओ गेम हाती घेतला आणि नव्वदाव्या वर्षी, २०२० साली, गिनीज बुकात नाव नोंदवलं. तेव्हा सासूबाईंच्या फोनवरची अक्षरं मोठी करून द्या, चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्या, आणि दुपारच्या चहाला एखादा डाव त्यांच्याशी तुम्हीही खेळा. सोंगट्या लपवायची सोय मात्र फोनवर नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा!