रॅम घेण्यापूर्वी मदरबोर्ड तपासा

छत्रपती संभाजीनगर : घरचा संगणक मंदावला की रॅम वाढविण्याचा सल्ला हमखास मिळतो. मात्र, दुकानात मिळणारी प्रत्येक रॅम प्रत्येक संगणकाला चालत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढल्याने २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे चुकीच्या खरेदीचा भुर्दंडही मोठा झाला. निराला बाजार किंवा कॅनॉटमधील दुकानाची पायरी चढण्यापूर्वी काही गोष्टी घरीच तपासून घेणे हिताचे ठरते.

पहिला प्रश्न : रॅम खरोखर कमी पडते आहे का? विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' विभागात 'मेमरी' पाहावी. नेहमीची कामे सुरू असताना वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या घरात असेल, तर रॅम वाढविण्यात अर्थ आहे. तो निम्म्यावर असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तेथे एसएसडी बसविणे अधिक उपयुक्त ठरते. रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत, हेही येथेच कळते.

रॅमचा प्रकार मदरबोर्ड ठरवतो. २०१० ते २०१५ दरम्यानच्या बहुतेक घरगुती संगणकांत डीडीआर-३, त्यानंतरच्या संगणकांत डीडीआर-४ रॅम आढळते. डीडीआर-५ साधारण २०२१ अखेरीस घरगुती संगणकांत आली. डीडीआर-३ला १.५ व्होल्ट, डीडीआर-४ला १.२, तर डीडीआर-५ला १.१ व्होल्ट वीज लागते. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्हींना २८८ पिन असल्या, तरी मधल्या खाचेची जागा वेगळी असते. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बळजबरी केल्यास स्लॉट तुटतो. केवळ प्रोसेसर पाहूनही भागत नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीचा प्रोसेसर काही मदरबोर्डवर डीडीआर-४, तर काहींवर डीडीआर-५सह चालतो. म्हणून मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक टिपून कंपनीच्या संकेतस्थळावर रॅमचा प्रकार आणि कमाल क्षमता पाहावी. विंडोज ३२-बिट असेल, तर ४ जीबीपेक्षा अधिक रॅम बसवूनही तिचा उपयोग होत नाही.

जुनी आणि नवी रॅम एकत्र लावल्यास दोन्ही सहसा कमी वेगाच्या रॅमच्या गतीने चालतात. शक्यतो समान क्षमतेच्या आणि वेगाच्या दोन पट्ट्या लावाव्यात. त्या जोडीने काम करीत असल्याने माहितीची देवाणघेवाण वेगाने होते. लॅपटॉपची रॅम आकाराने लहान असते आणि काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डलाच जोडलेली असल्याने बदलता येत नाही.

स्वस्त मिळते म्हणून सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' रॅम घेणे टाळावे. ती काही वेळा स्लॉटमध्ये बसते. पण घरगुती मदरबोर्डवर संगणक सुरूच होत नाही. जुनी पट्टी सोबत नेऊन तिच्या लेबलशी नवी ताडून पाहावी. न चालल्यास बदलून मिळेल, असे पक्क्या बिलावर लिहून घेतल्यास पुढचा वाद टळतो.