कल्पित युद्धनौकेचा आराखडा आणि जर-तरचा इतिहास : स्पॅनिश आरमाराचे एक उदाहरण

प्रास्ताविक

इतिहासाच्या क्षेत्रात 'जर-तर'ला फारशी प्रतिष्ठा लाभलेली नाही. ई. एच. कार यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हॉट इज हिस्टरी?' या ग्रंथात अशा विचाराची संभावना दिवाणखान्यातील खेळ म्हणून केली. नायल फर्ग्युसन यांनी संपादित केलेल्या 'व्हर्च्युअल हिस्टरी' (१९९७) या ग्रंथाने या विचारपद्धतीला पुन्हा काहीसे स्थान मिळवून दिले. मात्र त्यांनी एक अट घातली. तत्कालीन माणसांनी ज्या पर्यायांचा प्रत्यक्ष विचार केला होता आणि तसा कागदोपत्री पुरावा आहे, तेवढेच पर्याय विचारात घ्यावेत, ही ती अट होय. मराठी वाचकास हा प्रकार सर्वस्वी अपरिचित नाही. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत पानिपतच्या रणांगणावरील एका क्षुल्लक फरकातून वेगळा हिंदुस्थान उभा राहतो.

पर्यायी इतिहासाच्या लेखनात कल्पित राष्ट्रांची आरमारे आणि त्यांच्या युद्धनौका यांना मोठे स्थान आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभीची वजनदार चिलखती युद्धनौका ही तर या लेखकांची विशेष आवडीची वस्तू आहे. अशा नौकांचे आराखडे पाहिले असता बहुतेकांत एक दोष आढळतो. तोफा वाढविल्या जातात, वेग वाढविला जातो, चिलखत जाड केले जाते. परंतु ही नौका कोणत्या गोदीत बांधली जाईल आणि कोणाच्या कोळशावर चालेल, हे सांगितले जात नाही. राजकीय इतिहास बदलणे लेखकाच्या हाती असते. पोलादाचे वजन आणि पाण्याचा उत्प्लावक जोर बदलणे मात्र त्याच्या हाती नसते. म्हणूनच कल्पित नौकेचा आराखडा हा कल्पित इतिहास तपासण्याचे एक उत्तम साधन ठरू शकतो. प्रस्तुत लेखात स्पेनच्या आरमाराचे उदाहरण घेऊन हा विचार मांडला आहे.

कागदावरची पहिली नौका

कल्पित युद्धनौका ही केवळ कादंबरीकारांची निर्मिती नव्हे. इटालियन नौकाभियंता व्हित्तोरिओ कुनिबेर्ती याने १९०३ साली फ्रेड जेन याच्या युद्धनौकाविषयक वार्षिकात ब्रिटिश आरमारासाठी एका आदर्श नौकेची कल्पना मांडली. विस्थापन १७,००० टन, बारा इंची बारा तोफा, बारा इंच जाडीचे चिलखत आणि २४ नॉट वेग असे तिचे स्वरूप होते. त्याच्या स्वतःच्या सरकारला ही महत्त्वाकांक्षा परवडणारी नव्हती. म्हणून ती परक्या आरमाराच्या नावे छापली गेली. तीनच वर्षांनी, १९०६ साली, ब्रिटनची 'ड्रेडनॉट' पाण्यात उतरली. तिचे विस्थापन कुनिबेर्तीच्या नौकेपेक्षा अधिक, सुमारे १८,००० टन होते. तरीही तिच्यावर दहाच तोफा होत्या, कमरेचे चिलखत अकरा इंचांचे होते आणि पार्सन्स यांच्या नव्या टर्बाइन यंत्रांनिशी तिचा वेग २१ नॉट होता. आकार मोठा असूनही प्रत्येक गुण उणा, हा फरक अर्थपूर्ण आहे. कुनिबेर्तीसारख्या जाणत्या अभियंत्याची लेखणीही कागदावर थोडी सैल सुटली, असे म्हणावे लागते.

घटनेची निवड

आता स्पेनकडे वळू. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवाना बंदरात 'मेन' या अमेरिकन युद्धनौकेवर स्फोट झाला आणि त्यातून युद्ध पेटले. मनिला आणि सांतियागो दे क्युबा येथे स्पेनच्या दोन नौकापथकांचा नाश झाला; क्युबा, पोर्टो रिको आणि फिलिपिन्स हातचे गेले. अॅडमिरल रिकोव्हर यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नौकेतील कोळशाच्या कोठाराला लागलेली आग हे स्फोटाचे संभाव्य कारण मानले आहे. ही आग कोणा खलाशाच्या वेळीच लक्षात आली असती, अशी कल्पना केल्यास इतिहासात अत्यंत लहान बदल पुरेसा होतो. क्युबाला स्वायत्त शासन १८९८ च्या प्रारंभीच मिळालेले होते. फिलिपिन्समधील उठावात डिसेंबर १८९७ मध्ये तात्पुरता समझोता झालेला होता. म्हणजे साम्राज्य आणखी काही वर्षे तग धरून राहिले असते, ही कल्पना असंभाव्य नाही. या स्पेनने १९०८ च्या सुमारास जी युद्धनौका आखली असती तिला 'लेगास्पी' हे नाव देऊ. मनिला येथे स्पॅनिश सत्ता स्थापन करणाऱ्या सेनानीचे ते नाव आहे.

आकाराचे गणित

तुलनेसाठी खऱ्या इतिहासातील नौका उपलब्ध आहे. ७ जानेवारी १९०८ च्या कायद्यान्वये स्पेनने 'एस्पान्या' वर्गाच्या तीन नौका बांधावयास घेतल्या. ड्रेडनॉट प्रकारातील या सर्वांत लहान नौका होत. लांबी १४० मीटर, रुंदी २४ मीटर, पाण्याखालील खोली अर्थात डूब ७.८ मीटर. या तीन संख्यांचा गुणाकार २६,२०८ घनमीटर होतो. नौकेचा पाण्यातील भाग पेटीसारखा चौकोनी नसतो. पुढे-मागे तो निमुळता होतो. त्यामुळे या पेटीचा सुमारे साठ टक्के भाग ती व्यापते, असे धरल्यास १५,७२५ घनमीटर पाणी बाजूला सारले जाते. समुद्राच्या पाण्याची घनता लक्षात घेता हे वजन १६,००० टनांच्या आसपास भरते. प्रत्यक्ष विस्थापनही १५,७०० टनांच्या घरातच होते. पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही करता येईल असे हे गणित आहे.

या आकाराचे कारण युद्धशास्त्रात नव्हे, तर गोदीत आणि तिजोरीत होते. फेरोल येथील उपलब्ध सोयींत मावेल आणि राष्ट्राला परवडेल, एवढीच नौका आखणे भाग होते. 'मेन'वरील आग विझविल्याने फेरोलची गोदी रुंद होत नाही. म्हणून 'लेगास्पी'लाही हीच पेटी स्वीकारावी लागेल.

पेटी ठरली की वाद सुरू होतो तो वाटणीचा. सोळा हजार टनांपैकी नौकेच्या सांगाड्याला व साजाला ५,८००, चिलखताला ४,२००, तोफा व दारूगोळ्याला २,६००, यंत्रांना १,७००, नेहमीच्या कोळशाला ९०० आणि उरलेले ८०० टन माणसे, पाणी, अन्न व इतर सामग्रीला, अशी ढोबळ वाटणी करता येईल. यातील एकाला दिले की दुसऱ्याचे काढून घ्यावे लागते. 'एस्पान्या'चे कमरेचे चिलखत आठ इंचांचे, म्हणजे २०३ मिलिमीटरचे होते. ते 'ड्रेडनॉट'प्रमाणे २७९ मिलिमीटरचे करावयाचे झाल्यास, दोन्ही बाजूंना ८५ मीटर लांब व ४ मीटर उंच पट्टा धरून, सुमारे ४०० टन पोलाद वाढते. वेगाचे गणित याहून कठोर आहे. आवश्यक शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १९.५ नॉटऐवजी २१ नॉट हवे असतील तर शक्ती चतुर्थांशाने वाढवावी लागते. कुनिबेर्तीचे २४ नॉट हवे असतील तर ती जवळजवळ दुपटीवर जाते. दीड नॉटसाठी एवढी किंमत द्यावी काय, या प्रश्नावर त्या काळच्या नौकामंडळांत तीव्र मतभेद होत. ते का होत, हे अशा हिशेबाशिवाय उमजत नाही.

कोळसा, कालवा आणि परक्यांची बंदरे

मायदेशाच्या किनाऱ्याचे रक्षण करणाऱ्या 'एस्पान्या'ला कोळशाची फारशी चिंता नव्हती. 'लेगास्पी'ला मात्र मनिलापर्यंत जावयाचे आहे. कादिझपासून सुएझमार्गे मनिला सुमारे ८,००० सागरी मैलांवर आहे. सुमारे १,९०० टन कोळसा घेऊन दहा नॉट वेगाने 'एस्पान्या' सुमारे ५,००० मैल जाऊ शके. येथे आराखडाकाराने एक कटू निर्णय घेतला असे समजू : चार बुरुजांपैकी एक काढून टाकावयाचा. दोन बारा इंची तोफा, त्यांचा फिरता बुरूज, त्याखालील चिलखत आणि दारूगोळा मिळून सुमारे सहाशे टन वाचतील. ते सर्व कोळशाला दिल्यास पल्ला साडेसहा हजार मैलांपर्यंत वाढतो. म्हणजे चतुर्थांश मारकशक्ती गमावूनही नौका मनिलाला पोहोचत नाहीच. वाटेत एकदा तरी कोळसा घ्यावाच लागतो, आणि पोर्ट सैद, एडन, कोलंबो, सिंगापूर या वाटेवरील सर्व ठाण्यांवर प्रभाव होता तो ब्रिटनचा.

ही भीती काल्पनिक नाही. जून १८९८ मध्ये अॅडमिरल कामारा यांचे पथक 'पेलायो' या युद्धनौकेसह फिलिपिन्सच्या मदतीसाठी निघाले. पोर्ट सैद येथे त्यांना कोळसा मिळू दिला गेला नाही. कालवा ओलांडूनही जुलैमध्ये त्यांना माघारी बोलाविण्यात आले. 'पेलायो'ची डूब सुएझ कालव्यातून जाता यावे म्हणून मुद्दाम कमी ठेवलेली होती. नौका कालव्याच्या मापाची होती, पण कालव्याच्या तोंडावरचा कोळसा परक्याचा होता. रशियाचे जे पथक १९०४-०५ मध्ये बाल्टिक समुद्रातून जपानकडे गेले, त्यालाही एका जर्मन कंपनीच्या कोळसावाहू जहाजांवर विसंबावे लागले होते.

दुरुस्तीचा प्रश्न याहून बिकट आहे. मनिलानजीकच्या काविते येथे शस्त्रागार होते. सोळा हजार टनांची नौका उचलेल अशी गोदी नव्हती. खऱ्या इतिहासात अमेरिकेने ही उणीव एक प्रचंड तरंगती गोदी अटलांटिक, भूमध्य समुद्र आणि सुएझ ओलांडून ओढत नेऊन १९०६ साली ओलोंगापो येथे भरून काढली. 'लेगास्पी' आखणाऱ्या लेखकाने अशी गोदी आधी आखावयास हवी. दुर्दैवाने गोदीचे चित्र काढण्याची हौस कोणास नसते.

हेतूचा प्रश्न

वजन आणि कोळसा यांच्याही पलीकडे एक अडचण उरते. १९०८ चा कायदा का झाला? पंतप्रधान अंतोनिओ माउरा आणि नौकामंत्री होसे फेरांदिझ यांनी तो मंजूर करविला, त्यामागे १८९८ च्या मानहानीचा डंख होता. सांतियागोच्या लढाईत 'क्रिस्तोबाल कोलोन' ही नवी चिलखती क्रूझर तिच्या मुख्य तोफा न बसविताच उतरली होती. अशा अनुभवामुळेच नव्याने आरमार उभारण्यास राष्ट्र तयार झाले. पराभवच टाळला तर ही तयारी कोठून येणार? पराभूत न झालेला स्पेन बहुधा जुन्याच क्रूझर आणि किनारी गस्तीच्या तोफनौका डागडुजी करून वापरत राहिला असता. साम्राज्याच्या पोलिसी कामास तेवढ्या पुरेशा होत्या. तात्पर्य, ज्या बदलामुळे 'लेगास्पी'ला मनिलाचे गंतव्य मिळते, तोच बदल तिच्या बांधणीचे कारण हिरावून घेतो. हा पेच सोडविण्यासाठी लेखकाला दुसरे एखादे संकट कल्पावे लागेल. फिलिपिन्सच्या उत्तरेस फॉर्मोसापर्यंत १८९५ सालीच येऊन ठेपलेला जपान, हे त्यांतले सर्वांत विश्वसनीय दिसते.

तरीही बांधणीचा वेग उरतोच. 'एस्पान्या' वर्गाच्या नौका फेरोलला बांधल्या गेल्या, पण तंत्रज्ञान आणि महत्त्वाचे साहित्य ब्रिटिश कंपन्यांकडून येई. पहिली नौका १९१३ मध्ये व दुसरी १९१५ मध्ये पूर्ण झाली. तिसरी, 'हाइमे प्रिमेरो', १९१४ मध्ये पाण्यात उतरली. पण महायुद्धामुळे ब्रिटनमधून साहित्य येणे खुंटले आणि ती सेवेत येण्यास १९२१ साल उजाडले. तोवर ब्रिटिश आरमारात पंधरा इंची तोफांच्या नौका येऊन सहा वर्षे लोटली होती. 'लेगास्पी'चा कणा १९१० नंतर केव्हाही बसविला, तरी तिच्या आराखडाकाराला फेरोलच्या धक्क्यावर तोफांची वाट पाहणारी एक अपुरी नौका आपल्या कथेत जागा देऊन ठेवावी लागेल.