बेडकाचे रूपांतरण आणि पाण्याची मुदत

प्राणिशास्त्राच्या आपल्या अभ्यासक्रमात बेडकाइतका परिचित असा दुसरा प्राणी क्वचितच असेल. परंतु हा परिचय बराच काळ मेण ओतलेल्या तबकापुरता मर्यादित राहिला. त्यातही एक गंमत अशी की, तबकात असे तो आपल्याकडचा मोठा बेडूक, राना टायग्रिना, आणि पुस्तकात जीवनचक्र वर्णिलेले असे ते बव्हंशी युरोपातील राना टेंपोरारियाचे. त्यामुळे 'भैकेर शाकाहारी असतो' असे विद्यार्थी निःशंकपणे लिहून जात; त्याच्या समोर चिरून ठेवलेल्या बेडकाचा भैकेर मात्र इतर भैकेरांना, प्रसंगी आपल्या सख्ख्या भावंडांनाही, खाणारा असतो. ही विसंगती क्षुल्लक नव्हे. थंड प्रदेशातील तळ्यात वसंत ऋतूत सावकाश वाढणारा डिंभ आणि पावसाळी डबक्यात वाढणारा डिंभ यांच्यापुढील प्रश्नच निराळे आहेत. दुसऱ्याच्या बाबतीत पहिला प्रश्न असा असतो की, पाणी किती दिवस टिकणार?

दोडँ यांनी १८०२ मध्ये वर्णन केलेली ही जाती आज हॉप्लोबॅट्राकस टायगेरिनस या नावाने ओळखली जाते. उन्हाळ्यात जमिनीत दडून राहिलेले हे बेडूक मृगाच्या सरींबरोबर बाहेर पडतात. नरांचा मळकट हिरवा रंग पालटून ते लख्ख पिवळे होतात, त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्वरकोश निळे दिसू लागतात, आणि नव्याने साचलेल्या पाण्यात त्यांचे सामुदायिक ओरडणे सुरू होते. अंगठ्याच्या बुडाशी वाढलेल्या खरबरीत गादीच्या साहाय्याने नर मादीला घट्ट आलिंगन देतो. मादी अंडी पाण्यात सोडत असतानाच तो त्यांवर रेत सोडतो. निषेचन शरीराबाहेर होते. एका मादीची अंडी हजारांनी मोजावी लागतात. अंड्यातून बाहेर आलेल्या डिंभाला आरंभी उघडे क्लोम असतात. थोड्याच अवधीत त्यांवर त्वचेचा पडदा वाढतो आणि आतील क्लोम श्वसनाचे काम हाती घेतात. खेड्यात ज्याला बेडूकमासा म्हणतात ती ही अवस्था होय.

या बेडूकमाशाच्या मांसाहाराचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, याचे उदाहरण अंदमानात मिळते. तेथे माणसाबरोबर गेलेली ही जाती आता ठिकठिकाणी पसरली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ज्या टाक्यांत तिचे भैकेर होते त्यांत स्थानिक जातींचा एकही भैकेर जिवंत राहिला नाही. आटत्या डबक्यात लवकर वाढण्यासाठी उपयोगी पडलेला गुण बेटावर असा भलत्याच अर्थाने उपयोगी पडला.

आता रूपांतरणाच्या यंत्रणेकडे वळू. १९१२ मध्ये गुडरनाच यांनी भैकेरांना घोड्याच्या अवटु ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, तेव्हा ते लहान असतानाच भराभर बेडूक बनले, अगदी इवलेसे. पुढे बेनेट अ‍ॅलन यांनी उलट बाजूने परीक्षा घेतली. कोवळ्या डिंभातून अवटु ग्रंथीचा अंकुरच त्यांनी काढून टाकला. असे डिंभ वाढत राहिले, मोठे झाले, पण बेडूक कधीच झाले नाहीत. दरम्यान १९१४ च्या नाताळात केंडल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले होते. या संप्रेरकात आयोडीन असते, आणि ऊतकांमध्ये त्यातील आयोडिनाचा एक अणू निघून गेल्यावर त्याचे अधिक प्रभावी रूप तयार होते, हे नंतर स्पष्ट झाले.

येथे एक कोडे उभे राहते, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत रसाळ भाग तोच आहे. संप्रेरक एकच, ते रक्तातून सर्वत्र सारखेच फिरते. तरी त्याच्या स्पर्शाने पाय वाढतात आणि शेपूट झिजून नाहीशी होते. आतडे आखूड होऊन नव्याने घडते, यकृत अमोनियाऐवजी यूरिया बनविण्याची तयारी करते, रक्तातील हीमोग्लोबिनसुद्धा बदलते. शेपटीचे टोक शरीराच्या दुसऱ्या भागावर रोपले तरी ते झिजतेच, उलट शेपटीवर रोपलेला डोळा शाबूत राहतो. म्हणजे संप्रेरक केवळ हाक देते. त्या हाकेला ओ कशी द्यावयाची हे प्रत्येक ऊतकाने आधीच ठरविलेले असते. मूळचे भारतीय असलेले जमशेद टाटा यांनी लंडनजवळील मिल हिल येथील संस्थेत कापलेली शेपूट पोषक द्रवात ठेवून हे तपासले. संप्रेरक घातले की ती सुटी शेपूटही आक्रसू लागे. परंतु नवे आरएनए आणि नवी प्रथिने बनण्याचे काम रोखले की आक्रसणे थांबे. १९६६ च्या त्यांच्या या निबंधाने शेपटीचा नाश हा कुजण्यासारखा निष्क्रिय प्रकार नसून जनुकांच्या आज्ञेने घडणारे कार्य आहे, हे दाखविले. पेशीकेंद्रातील संप्रेरक-ग्राहक हे त्या आज्ञेचे माध्यम होत. संप्रेरक नसताना हेच ग्राहक संबंधित जनुकांना दाबून धरतात, आणि त्यामुळे डिंभाला वाढीसाठी अवसर मिळतो.

क्रमही विचार करण्याजोगा आहे. मागचे पाय संप्रेरकाच्या अल्प प्रमाणालाच प्रतिसाद देतात. शेपूट मात्र त्याची पातळी कळसाला पोहोचेपर्यंत दाद देत नाही. हा क्रम उलटा असता तर पोहणेही गेले आणि उडी मारणेही नाही, अशी अवस्था ओढवली असती. तशी ती थोड्या काळापुरती ओढवतेच. चार पाय फुटलेला पण शेपूट न गेलेला जीव नीट पोहत नाही, नीट उडत नाही, आतड्याची पुनर्रचना चालू असल्याने खातही नाही. भक्षकाला तो सहज सापडतो. म्हणून हा काळ जितका आखूड तितका बरा.

मग रूपांतरण सुरू केव्हा करावयाचे? विल्बर आणि कॉलिन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार असा: विशिष्ट किमान आकार गाठल्याखेरीज रूपांतरण शक्य नाही, त्यापुढे वाढ चांगली होत असेल तर पाण्यातच थांबणे फायद्याचे, आणि वाढ मंदावली असेल तर बाहेर पडणे. डबके आटू लागले की हा हिशेब प्राण्याच्या शरीरात कसा होतो, ते अमेरिकेतील शुष्क प्रदेशातल्या कुदळपायी भेकांवर प्रयोग करून रॉबर्ट डेन्व्हर यांनी १९९७ मध्ये दाखविले. पाणी कमी होत जाताच भैकेराच्या मेंदूतील अधोथॅलॅमसात कॉर्टिकोट्रॉपिन-मोचक संप्रेरक वाढते. सस्तन प्राण्यांत ते मुख्यतः ताणाच्या प्रसंगी काम करते. भैकेरात ते पोष ग्रंथीमार्फत अवटु ग्रंथीलाही चेतविते. शिवाय ताणामुळे वाढलेले कॉर्टिकोस्टेरोन ऊतकांत थायरॉक्सिनचा प्रभाव वाढविते. भीती आणि प्रौढत्व यांची तार अशी एकाच ठिकाणी जोडलेली आहे. या घाईची किंमत पडते: बाहेर पडणारा बेडूक आकाराने लहान असतो, आणि लहान बेडकाचे पुढील जगणे अधिक धोक्याचे.

पाण्याच्या मुदतीशी शर्यत लावणे हा एक मार्ग झाला. सह्याद्रीतील काही बेडकांनी ती शर्यतच टाळली आहे, कमीअधिक प्रमाणात. निक्टिबॅट्राकस वंशातील बेडूक ओढ्यावर झुकलेल्या पानांवर किंवा खडकांवर अंडी घालतात. डिंभ वाढल्यावर खालच्या पाण्यात पडतात. यांपैकी हुमायून अब्दुलअली यांचे नाव धारण करणाऱ्या निक्टिबॅट्राकस हुमायुनी या जातीत नर मादीला आवळून धरतच नाही. तो तिच्या पाठीवर रेत सोडून उतरतो, त्यानंतर ती अंडी घालते आणि पाठीवरून ओघळलेले रेत त्यांचे निषेचन करते. २०१६ मध्ये हे वर्णन प्रसिद्ध झाले. या जातीत मादीही ओरडते, हेही त्याच वेळी नोंदले गेले.

सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ २०१० मध्ये नाव दिलेल्या राऑर्चेस्टिस वंशातील छोटे झुडूप-बेडूक आणखी पुढे गेले आहेत. त्यांच्यात पोहणारा भैकेर नाहीच. ओलसर पाल्यात, पानांवर, काही जातींत तर बांबूच्या पोकळ पेरात घातलेल्या अंड्यांतून थेट चिमुकले बेडूक बाहेर पडतात. मग रूपांतरणच लोप पावले म्हणावे काय? तसे नाही. पोर्तो रिकोमधील कोकी या अशाच थेट विकास पावणाऱ्या बेडकावर कॅलरी आणि एलिन्सन यांनी २००० मध्ये केलेल्या कामात, अंड्याच्या आतही अवटु संप्रेरकाशिवाय विकास पुरा होत नाही असे आढळले. घड्याळ तेच राहिले. ते पाण्यातून उचलून अंड्याच्या आवरणात ठेवले गेले, एवढेच.

अशा अंड्याला मासे आणि जलकीटक यांचे भय उरत नाही, मात्र त्याचे आवरण वाळण्यापासून त्याचे रक्षण करू शकत नाही. डबक्यातील भैकेर पाणी आटू लागल्यास निदान घाई तरी करू शकतो. पानावरचे अंडे पावसाने ऐन श्रावणात आठ-दहा दिवस उघडीप दिली की जागच्या जागी सुकते. त्याला झाडीच्या सावलीतील दमट हवेचाच आधार असतो.